चोपडा रस्त्यावरचं बिनपाटीचं गॅरेज आणि माझ्या आरएक्सचा नट

पाचपैकी चार तारे देतोय. एक का कापला ते पुढे येईल. 'चांगली सर्व्हिस, नक्की जा' एवढं लिहून मोकळं होता आलं असतं, पण माझ्या मोटरसायकलच्या क्लचच्या ज्या नटापायी मी तिथे गेलो त्याने माझे अकरा दिवस खाल्ले, आणि त्यातले आठ माझ्याच आगाऊपणाने गेले. तेव्हा सगळं लिहितो. आरएक्सवाल्यांना तरी उपयोग होईल.

मी अमळनेरला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती. कापसाचा सीझन संपला की उन्हाळ्यात हात रिकामे, आणि रिकाम्या हाताला पाना दिसला की माणूस बिघडतो. माझी गाडी यामाहा आरएक्स १००, वडिलांनी १९९३ साली घेतलेली. आमच्या गावात हे सांगताना जरा ओशाळायला होतं. विप्रोची सुरुवात १९४५ साली इथेच झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्याने, आणि ज्यांनी वेळेवर शेअर घेऊन गादीखाली ठेवले त्यांच्या नातवंडांचं भलं झालं. आमच्या वडिलांनी गाडी घेतली. आई जाईपर्यंत त्यांना ते ऐकवत होती. असो, शेअरवर बसून कोणी बहिणीला आणायला जात नाही.

दुखणं असं होतं. गाडी गार असताना ठीक. पाच-सात किलोमीटर चालून इंजिन तापलं की क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायला बघायची. पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज आणि झटका. न्यूट्रल तर सापडायचंच नाही, बाजारात गर्दीत उभं राहायचं म्हणजे इंजिन बंद करून न्यूट्रल शोधायचं. केबल बदलली, लिव्हरचं ढिलेपण नीट केलं, फरक नाही. एका गॅरेजमध्ये (नाव लिहीत नाही, माणूस ओळखीचा आहे) क्लचप्लेटा बदलल्या. पंधरा दिवस बरं वाटलं. पुन्हा तेच. पुन्हा प्लेटा. पुन्हा तेच.

इथे थोडं आतलं सांगावं लागेल. आरएक्सचा क्लच उजव्या बाजूला, ऑइलमध्ये बुडालेला. बाहेरचं भांडं म्हणजे हाउसिंग, त्याला उभ्या खाचा. मधलं ते सेंटर, ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं. एक प्लेट हाउसिंगच्या खाचेत अडकणारी, तिच्यानंतर एक लोखंडी प्लेट सेंटरच्या दात्यांत अडकणारी, अशी थप्पी. क्लच दाबला की थप्पी सैल व्हायला पाहिजे. पण तीस वर्षं प्लेटांचे कान त्या खाचांच्या भिंतींवर आपटून आपटून तिथे खड्डे पडतात. मग प्लेट त्या खड्ड्यात अडकून बसते, सरकतच नाही. तुम्ही लिव्हर दाबता, आत थप्पी अर्धवटच सुटते. नवीन प्लेटा टाकून हे कसं बरं होणार? खड्डा तर हाउसिंगला आहे.

आता मुद्दा हा, की प्लेटा बदलायला मधला नट खोलावा लागत नाही. स्प्रिंगांचे स्क्रू काढा, वरची प्रेशर प्लेट काढा, प्लेटा हातात येतात. नट खोलावा लागतो तो सेंटर आणि हाउसिंग बाहेर काढायला. आणि तो नट निघत नाही म्हणून, असा माझा अंदाज, दोन्ही वेळा प्लेटांवरच भागवलं गेलं. मला कोणी काही सांगितलं नाही. पैसे मात्र दोन्ही वेळा घेतले.

म्हणून मी ठरवलं, आपणच खोलू. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तेरा दिवसांवर होती, आणि तिच्या आदल्या दिवशी बहिणीला आणायला गाडी हवी होती.

ओट्यावर पोतं अंथरून, किकचा दांडा काढून, कव्हर उतरवलं. माझ्या गाडीचा ऑइलपंप वडिलांनीच कधीतरी बंद करून टाकलाय, मी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो, त्यामुळे त्या बाजूची कटकट नव्हती. प्लेटा काढल्या. हाउसिंगच्या खाचेवरून नख फिरवलं तर नख अडकलं. म्हणजे रोग सापडला. मग नटाला गोटी पाना, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, लावला आणि सेंटर गोल फिरायला लागलं. नटाबरोबर सगळंच फिरतं, धरणार कशाला?

व्हिडिओत पाहिलं होतं की दोन मोठ्या गिअरच्या दात्यांमध्ये तांब्याचं नाणं घालायचं. आजीच्या डब्यात ढबू पैसा होता, तो घातला. हाउसिंग गच्च थांबलं. सेंटर आपलं फिरतंय. मी अर्धा तास बसून विचार केला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की नाणं धरतं ते हाउसिंगला, आणि नट आहे सेंटरवर. प्लेटा आत असत्या तर दोघं एकमेकांना धरून राहिले असते. प्लेटा मी स्वतः काढून ताटात मांडून ठेवल्या होत्या. ढबू पैशाला दातांचे वळ पडले ते वेगळेच.

मग चौथा गिअर टाकून मागच्या ब्रेकवर मेहुण्याला उभा केला, आणि पान्याच्या दांड्यात दोन फुटी पाइप घालून त्यावर अक्षरशः लोंबकळलो. मी ६८ किलोचा. दोन फूट म्हणजे साधारण ०.६ मीटर. गुणाकार ४१ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास जातो. लहान गाडीचा असा नट आवळायचा असतो तो दहाच्या आतच. म्हणजे चौपट जोर लावला असं मी मेहुण्याला ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, चाक सरकतंय." खरंच, मागचं चाक ब्रेकसकट फरशीवर सरकत होतं. माझा जोर चेन ओढण्यात आणि टायर घासण्यात चालला होता, नटापर्यंत त्यातला किती पोचला देव जाणे. वर तो सगळा भार गिअरच्या दातांमधून गेला, हे नंतर कळल्यावर रात्री झोप आली नाही.

त्यानंतर डब्ल्यूडी-४० मारलं, रात्रभर ठेवलं, सकाळी परत मारलं. त्याचीही गंमत आहे. हे औषध १९५३ साली अमेरिकेत बनलं ते पाणी हटवायला, क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून चाळीस. गंजाला ते लागू पडतं. पण क्लचचा नट जन्मभर ऑइलमध्ये बुडालेला, तिथे गंज कुठून येणार? मी ऑइलमध्ये पोहणाऱ्या नटाला तेल पाजत होतो. ही अक्कल तेव्हा नव्हती.

चौथ्या दिवशी गोटी सटकली. बारा कोनांची स्वस्तातली गोटी, नटाचे दोन कोपरे गोल करून गेली. पाचव्या दिवशी छन्नी घेतली. एकच घाव घातला, एक ठिकरी उडून माझ्या चष्म्याच्या काचेवर टणकली, आणि बायकोने छन्नी-हातोडी उचलून माळ्यावर टाकली. पुढचे तीन दिवस गाडी आतडी बाहेर काढून ओट्यावर पडून होती आणि मी तिच्याकडे न बघता घरात जात-येत होतो.

या गॅरेजवाल्या आबांचं नाव दूधवाल्याने सांगितलं. नाव म्हणजे आबाच, दुसरं नाव मलाही ठाऊक नाही आणि पाटी नाहीच. चोपडा रस्त्याने गाव संपत आलं की डाव्या हाताला मोठा निंब, त्याखाली पत्र्याची टपरी, टपरीला टेकून एकावर एक रचलेल्या पेट्रोलच्या टाक्या. हीच खूण. सकाळी साडेसहाला उघड्या इंजिनावर प्लास्टिकची पिशवी बांधून गाडी ढकलत नेली. उशीर केला तर मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे असतो, लोखंडाला हात लावू देत नाही. आबा काम करतात ते सकाळी सात ते अकरा आणि मग साडेचार ते रात्रीपर्यंत. मधल्या वेळात गेलात तर निंबाखाली कुत्रं भेटेल.

आबा साठीचे असतील. बसायला ट्रकच्या केबिनमधली एक सीट आहे, तिच्यावर त्यांनी मला बसवलं आणि गाडीपाशी जाऊन उकिडवे बसले. मला वाटलं आता पाना घेतील. पाना सोडा, पहिली वीस मिनिटं त्यांनी रॉकेल आणि ब्रशने फक्त नट धुतला. मग कापडाने कोरडा केला, वाचायचा चष्मा लावला, नातवाला बॅटरी धरायला लावली आणि नुसतं पाहत बसले. मी आतून उकळत होतो.

"हाऊ नट मार खायेल शे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "कोन्ही मारं?"

मी आधीच्या गॅरेजचं सांगितलं. त्यांनी छन्नीच्या ताज्या खुणेवर बोट ठेवलं, तिथे लोखंड अजून चकचकत होतं. मग मी माझंही सांगितलं.

पुढे जे दाखवलं त्यासाठी माझे तीन तारे तिथेच देऊन झाले. नटाखाली पातळ पत्र्याचा लॉक वॉशर असतो. त्याचा कान नटाच्या सपाट बाजूवर वळवलेला असतो, नट फिरू नये म्हणून. तो सरळ केल्याशिवाय नट खोलायचाच नसतो. एक कान मी सरळ केला होता. पण वॉशरचे कान दोन ठिकाणी वळवलेले होते, आणि दुसरा काळ्या चिकट गाळाखाली नटाला असा चिकटून बसला होता की धुतल्याशिवाय दिसणारच नव्हता. म्हणजे मी चार दिवस कडी न काढता दार ढकलत होतो.

आणि अजून. नटाच्या आणि शाफ्टच्या सांध्यावर तीन बारीक खळगे होते. कोणीतरी पूर्वी नट बसवताना पंच मारून आटे दाबून टाकले होते. आबांचं म्हणणं, जुनाच वॉशर परत वापरला असणार, भरवसा वाटला नसेल, म्हणून वर पंच मारून ठेवला. नट ढिला होणार नाही याची सोय केली, पण पुढे तो खोलणाराही कोणी असेल याचा विचार केला नाही. कधी झालं, कोणी केलं, वडील असते तर सांगू शकले असते. अशा ठिकाणी जोर लावला तर नट आला असता, पण शाफ्टचे आटे बरोबर घेऊन. मग शाफ्टच बदलायचा, म्हणजे पूर्ण इंजिन खोला. माझ्या लोंबकळण्यातून हे झालं नाही ते केवळ चाक सरकत होतं म्हणून.

पहिल्या दिवशी त्यांनी तीनच कामं केली. दुसरा कान बारीक छन्नीने, हातोडी जेमतेम टेकवत, उचलून सरळ केला. पंचाचे तिन्ही खळगे टोकदार हत्याराने कोरून मोकळे केले, याला एक तास लागला. आणि नटाच्या गोल झालेल्या कोपऱ्यांवर कानस फिरवून सहा कोनांची गोटी हलक्या हाताने ठोकून बसते का ते पाहिलं. बसली. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांना धरते, सहा कोनांची सपाट बाजूला धरते, म्हणून घट्ट नटाला कायम सहाचीच, हे तिथे नातवाने मला समजावलं. त्याचं वय तेरा-चौदा.

आता पाना लावणार म्हणून मी उठून उभा राहिलो, तर आबांनी हत्यारं पुसून ठेवायला घेतली.

"आते त्याले दम खाऊ द्या. तुमी घर जा, वखतवर या."

वखतवर म्हणजे साडेचारला समजून मी पाच वाजता गेलो. टपरी बंद. आबा लग्नाला गेले होते, फोन टपरीतच वाजत होता, बाहेरून ऐकू येत होता. हा तो कापलेला तारा. आखाजी चार दिवसांवर आलेली, गाडी कुलपाआड, आणि सांगितलं तर असतं. दुसऱ्या दिवशी मी जरा चढ्या आवाजात बोललो तर म्हणाले, "इतली घाई कसानी शे भाऊ? नट कोठे पयी जाई ऱ्हायना?" नट पळून जात नव्हता हे खरं, पण आखाजी जवळ येत होती की.

आता दुसऱ्या दिवसाचं काम. हे मी मन लावून पाहिलं, आणि ज्यांना स्वतः करायचंय त्यांनीही वाचावं.

आधी गाडीची टाकी काढून पार निंबाच्या पलीकडे नेऊन ठेवली. रॉकेलचा डबाही तिकडेच. मग टपरीतून एक पट्टी काढली. हात-सव्वा हात लांब जाड लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला क्लचच्या दोन जुन्या लोखंडी प्लेटा वेल्डिंग केलेल्या. या प्लेटांचे आतले दाते सेंटरच्या बाहेरच्या दात्यांवर बरोब्बर बसतात. पट्टीचं दुसरं टोक मागे, फूटरेस्टवर टेकवलं. नट खोलायच्या दिशेने फिरवायला गेलं की सेंटर पट्टीला खाली दाबतं, पट्टी फूटरेस्टवर दाबली जाते, आणि सेंटर जागचं हलत नाही. चेन नाही, गिअर नाही, ब्रेक नाही. भंगारातल्या दोन प्लेटा आणि एक पट्टी. मी काट्यावर आयुष्य काढलंय, टेकू कुठे द्यायचा हे मला समजायला हवं होतं. ढबू पैशाची गोष्ट मी आबांना सांगितली नाही.

मग हातातला छोटा गॅस टॉर्च. ज्योत फक्त नटावर, गोल फिरवत, एका जागी न थांबवता. मागे ऑइल सील असतं, रबराचं, ते जळता कामा नये, म्हणून फार नाही. नटावरचं उरलंसुरलं ऑइल धुरायला लागलं की बंद. नट शाफ्टपेक्षा आधी तापतो, जरासा फुगतो, तेवढ्याने आट्यांची पकड सैल होते. तापलेल्या नटाच्या सपाट बाजूंवर पितळी तुकडा ठेवून हातोडीने टक टक, एकेक बाजू फिरवत. हे सगळं दोन वेळा केलं. दुसऱ्यांदा तापवल्यावर गोटी ठोकून बसवली, दांडा लावला, आणि आबांनी पाना आवळायच्या दिशेने दाबला.

मी ओरडलोच, "आबा, उलटं!"

त्यांनी ऐकलं नाही. अगदी केसभर, दिसेल न दिसेल इतका आवळला. धरलेली पकड कुठल्याही बाजूने तुटली की तुटली, आणि आवळायच्या बाजूला आटे फाटायची भीती कमी. मग दिशा बदलली, पाइप घातला, माझ्यापेक्षा लांब, तीन फुटी असेल, आणि एका हाताने दाबला. एका हाताने! वजनाचं बोलायचं तर पंधरा-वीस किलो असतील. टक असा आवाज आला. मला वाटलं गोटी फुटली.

"निंघना," आबा म्हणाले, आणि पाइप काढून नातवाच्या हातात दिला. पुढे तो नट पोराने बोटांनीच काढला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू जोर त्यानेच लावला.

आटे शाबूत होते. नवीन नट हातानेच शेवटपर्यंत चढवून पाहिला, कुठे अडला नाही.

बाकीचं भराभर सांगतो. हाउसिंग बाद. बारीक खड्डे असते तर कानशीने सपाट करून दिले असते, पण खोल खड्डे घासायला गेलं की खाच रुंद होते, मग प्लेटा आत खुळखुळतात आणि दुप्पट वेगाने नवे खड्डे पाडतात, असं आबा म्हणाले. हाउसिंग मलाच आणायला लावलं. एसटीने धुळ्याला जाऊन तीन दुकानं फिरलो, तिसऱ्या दुकानात जुन्या साठ्यातलं एक मिळालं. १९९६ नंतर ही गाडीच बनली नाही, तेव्हा किमतीवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. येताना दुकानदाराने गुंडाळून दिलेलं ते हाउसिंग मांडीवर धरून बसलो होतो, शेजारच्या बाईंनी विचारलं, देवाचं काही आहे का?

नवीन प्लेटा आबांनी रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या. माझ्या आधीच्या दोन्ही वेळच्या प्लेटा कोरड्याच बसवलेल्या, मी समोर उभा होतो. लोखंडी प्लेटा एकेक करून आरशाच्या काचेवर ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहिल्या, एक डुगडुगली, ती वाकलेली निघाली, बदलली. कव्हरचं पॅकिंग शीटवर कव्हर ठेवून हातोडीने कडा ठोकत ठोकत कापलं, कात्री न लावता. नवीन लॉक वॉशर, नवीन नट. कान एकच वळवला, नीट, सपाट बाजूवर. पंच नाही. मी विचारलं, ढिला नाही होणार? तर कानाकडे बोट दाखवून म्हणाले, हा कशाला आहे मग?

मजुरी आठशे. नट, वॉशर, एक लोखंडी प्लेट, पॅकिंग, ऑइल असं मिळून चारशे ऐंशी. हाउसिंगचे पैसे मी धुळ्यात दिले ते वेगळे. दोन दिवसांच्या कामाला आठशे मला कमी वाटले, मी हजार देऊ केले तर दोनशे परत आले. बिल मिळत नाही, मागू नका. ऑनलाइन पैसे नातवाच्या आईच्या फोनवर जातात आणि ती घरून 'आले' म्हणेपर्यंत थांबावं लागतं. जुने सगळे पार्ट पिशवीत घालून परत देतात. माझा तो नट, दोन गोल कोपरे आणि छन्नीच्या घावासकट, आता काट्यावर पावत्यांवर ठेवतो, पंख्याने उडू नयेत म्हणून.

कोणी जाऊ नये तेही लिहितो. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्या ते घेत नाहीत, सरळ शोरूमला जा म्हणतात. भाचीची स्कूटर नेली होती, हातही लावला नाही. ज्यांना संध्याकाळपर्यंत गाडी हवी त्यांनीही जाऊ नये. फोन उचलत नाहीत. लग्नसराईत आदल्या दिवशी विचारून ठेवा, कुठे जायचंय का. मंगळवारी तर अजिबात नको, मंगळ ग्रहाच्या देवळात येणाऱ्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने, पंक्चर आणि तुटलेल्या केबलींचीच रांग असते. आणि बोलणं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. माझ्यासमोर एकाला त्यांनी चेन न धुतल्याबद्दल असं झापलं की तो पोरगा चेन धुऊनच गेला, तिथेच, स्वतः.

आखाजीच्या आदल्या दिवशी पारोळ्याला बहिणीला आणायला गेलो. ती आता पंचावन्नची, तिची नातवंडं शाळेत जातात, बसने आरामात येऊ शकते, पण मुऱ्हाळी, म्हणजे माहेरी न्यायला येणारा, गाडी घेऊन आल्याशिवाय निघत नाही. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला याच गाडीवर वडील गेले होते. सांजोऱ्यांचा डबा मांडीवर, मागे बसली. गावाबाहेर पडेपर्यंत गप्प होती. एका गतिरोधकाजवळ मी क्लच दाबला, गाडी हळू केली, पहिला टाकला, सोडला.

"आते झटका मारस नही रे," ती म्हणाली. मग म्हणे, बाबांच्या वेळेलाही मारायची, तिला वाटायचं की या गाडीची सवयच आहे ती.

याला दोन महिने झाले. साडेआठशे किलोमीटर चालली आहे. न्यूट्रल तापल्या इंजिनावरही एका बोटाने पडतं. केबल एकदा थोडी ओढून घेतली, नव्या प्लेटा बसल्यावर तेवढं होतंच. किकच्या दांड्यापाशी सकाळी ऑइलचा एखादा थेंब दिसतो. तो सील आधीचाच आहे, आबांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा पण बदलून टाकू, मी म्हटलं होतं आखाजीनंतर. येत्या बुधवारी नेतोय. सकाळी सातच्या आत.